करळगावचा घाट आणि मागची ट्रॉली

मैत्रिणींनो, डिसेंबरात कधी यवतमाळहून धामणगावला गेला आहात का? गेला असाल तर रस्त्याकडेच्या बाभळी पाहिल्या असतील. आमच्याकडे बाभळीला थंडीत पांढरी फुलं येतात, असं मी पाहुण्यांना गमतीनं सांगते. ती फुलं नसतात, कापूस असतो. ट्रॉल्या भरभरून जिनिंगकडे जातात आणि जाता जाता काट्यांना थोडा थोडा कापूस देऊन जातात. पुढे बाभूळगाव लागतंच. त्या नावाचं मला लहानपणापासून कौतुक आहे.

मी धामणगावची, दिले यवतमाळला. त्यामुळे साधारण पंचेचाळीस किलोमीटरचा हा रस्ता म्हणजे माझं माहेर आणि सासर यांच्यामधली दोरीच. यवतमाळ उंचावर वसलेलं, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. गाव सोडलं की करळगावचा घाट लागतो, सागाची मोठाली वाळकी पानं रस्त्यावर खडखडत असतात, माकडं कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे आशेनं बघतात. घाट उतरला की हवा बदलते, काळी जमीन पसरते, पऱ्हाटी आणि तूर, तूर आणि पऱ्हाटी. मग बाभूळगाव, आणि शेवटी धामणगावचं रेल्वेफाटक.

हा रस्ता कापसाचाच. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली, आणि धामणगाव त्याच लोहमार्गावर. यवतमाळला तेव्हा रेल्वे नव्हती. आमची लाडकी शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरची छोटी गाडी, ती पुढे विसाव्या शतकात आली आणि आता तीही बंद पडली. तेव्हा यवतमाळचा कापूस बैलबंड्यांत भरून याच घाटानं धामणगावच्या स्टेशनावर जायचा. आमचे मामाजी (माझे सासरे हो) सांगतात की त्यांच्या आजोबांच्या बंड्या रात्रभर चालत, आणि प्रत्येक बंडीच्या कण्याखाली कंदील टांगलेला असे. मी हे नेहमी गोष्ट म्हणून ऐकत आले. मागच्या हिवाळ्यापर्यंत.

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं, मी, हे आणि आमचा चिरंजीव, धामणगावहून रात्री परतत होतो. घरची बोलेरो. मुलगा मागे झोपलेला. घाट चढताना समोरून एक ट्रक आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. ट्रक गेला आणि पुढे नुसता काळोख. तो काळोख जरा जास्तच काळा आहे, एवढंच मला जाणवलं. यांनी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा आमच्या बॉनेटपासून दोन हातांवर एक ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. मागच्या फळीवर चिकटवलेले लाल रिफ्लेक्टर होते, पण लोंबणाऱ्या ताडपत्रीखाली झाकलेले.

हे रागारागानं उतरले, ट्रॅक्टरवाल्याला चार शब्द सुनावायला. आणि तसेच थबकले. ट्रॉली आमच्याच घरची होती! सकाळी कापूस घेऊन गेलेली, रिकामी परत येताना चाक बसलं होतं. भाऊजी आणि ड्रायव्हर, दोघंही ट्रॉलीखाली वाकून जॅक लावत होते. आमची गाडी आणखी दोन हात पुढे गेली असती तर जॅक निसटून...

पुढचं मी लिहीत नाही. त्या रात्री कोणी कोणावर ओरडलं नाही. हे गाडीला टेकून बराच वेळ उभे राहिले. सकाळी मामाजींना कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमच्या बंडीले कंदील होता."

तेव्हापासून ट्रॉली हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर-ट्रॉली हा काय बायकांचा विषय? मलाही तसंच वाटायचं. पण विचार करा, आपल्यापैकी कितीजणींच्या सासरी-माहेरी शेती आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनाही हिवाळाभर याच ट्रॉल्यांच्या मागून लग्नाला, हळदीकुंकवाला जावं लागतं. लग्नाचा हंगाम म्हटला की जीपच्या मागे जनरेटरची गाडी जोडून पळणारे असतातच. ओढणारं वाहन सगळे निरखून पाहतात, नवं घेतलं तर त्याला हार घालतात, नारळ फोडतात. मागे जे ओढलं जातं त्याच्याकडे बघतं कोण?

यंदा दुसरा वेचा झाला आणि कापूस धामणगावला न्यायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं की बोलेरो घेऊन मी ट्रॉलीच्या मागे येणार. शाळेला माझी त्या दिवशी सुट्टीच होती. भाऊजी हसले. "वहिनी, तुम्ही काहून येता उन्हातान्हात?" मी म्हटलं, "दिवा दाखवायला."

आदल्या दिवशीच शेतावर मुक्कामाला गेले. आमचं शेत घाटाच्या वरच्या अंगाला आहे. अंगणात ट्रॉली उभी, बाया आत उभ्या राहून कापूस तुडवत होत्या, लेकरं त्यात कोलांट्या मारत होती. मामाजी बाजेवर बसून देखरेख करत होते. भरणारा गडी मागच्या दारानं कापूस टाकत होता, म्हणून मागचा ढीग वाढत चालला होता. मामाजी एकदम खेकसले, "अरे, पुढं टाक, पुढं! उलाळ करतं का?"

उलाळ हा शब्द मला फक्त ऐकून माहीत होता. मामाजींनी समजावून सांगितलं. बंडीत मागे वजन जास्त झालं की पुढची बाजू वर उचलते, जू वर जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. ती झाली उलाळ. उलट सगळं ओझं पुढे आलं तर बैलाची मान मोडते. "म्हणून वजन कण्याच्या जरासं पुढं पाहिजे. जरासं! बैलाले समजलं पाहिजे का मागं काही हाय, पण मानेवर बसलं नाही पाहिजे."

दोन चाकांच्या ट्रॉलीचं गणित तेच आहे, फक्त बैलाऐवजी ट्रॅक्टर. मागे जास्त भरली तर ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलायला बघतो, मोठ्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली शेपटासारखी हलते. फार पुढे भरली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची लहान चाकं जमीन सोडतात. स्टिअरिंग फिरवा नाही तर नका फिरवू, सारखंच.

गंमत म्हणजे हेच मी आठवड्यापूर्वी फोनवर ऐकलं होतं. माझी मावसबहीण कॅनडात कॅलगरीला असते. त्यांच्याकडे मोठ्या जीपसारख्या गाडीमागे बंद पेटीसारखा ट्रेलर जोडून सामान नेतात, तेही बर्फातून. ती सांगत होती की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या हुकावर यावं, असा तिथला नियमच धरतात. कमी आलं की ट्रेलर डोलायला लागतो. आणि डोलायला लागला की घाबरून गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेगही वाढवायचा नाही, पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असतात तेवढेच हातानं लावायचे. हुकाखाली दोन साखळ्या, त्याही एकमेकींवर फुली मारून, म्हणजे हूक सुटलाच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. शिवाय एक बारीक तार असते. ट्रेलर तुटून वेगळा झाला की ती ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मी हे सगळं मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "तिकडे बी उलाळ म्हणते का?"

आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. पुष्कळ ट्रॉल्यांना नसतात. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचं. हे कळल्यावर मी रात्री कूस बदलत राहिले, खरं सांगते.

पण दिव्यांचं काम मी आधीच करून घेतलं होतं. यवतमाळच्या एका मिस्त्रीकडून मागे दोन लाल दिवे, दोन इंडिकेटर आणि ट्रॅक्टरपर्यंत वायर. जोडायला-काढायला प्लग असतो, आपल्या मिक्सरसारखाच सोपा. मागच्या फळीला लाल चकाकणारी पट्टी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. सगळं मिळून एका बऱ्या साडीच्या पैशांत झालं, आणि ती साडी मी या दिवाळीला घेतली नाही, हेही इथेच नोंदवून ठेवते! ताडपत्री दिव्यांवर येणार नाही अशी वर ओढून सुतळीनं बांधली. ते बांधणं माझं स्वतःचं.

सकाळी सहालाच निघायचा भाऊजींचा बेत होता. बाहेर पाहते तो धुवारी. धुवारी म्हणजे धुकं, बरं का. आमच्या भागात ते तुरीच्या बहराचं वैरी समजतात. समोरचं कडुनिंबाचं झाडही दिसत नव्हतं. भाऊजी घाई करत होते, उशीर झाला की बाजारात रांग वाढते. मामाजींनी हूं की चूं केलं नाही, चहा मागवला, दुसऱ्यांदा मागवला. मग म्हणाले, "कापूस ओला घेऊन जाता का? धुवारी निघू द्या." त्यातही हिशोब होताच. सीसीआयच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे बारापर्यंत भाव कापतात, त्याहून जास्त असला तर घेतच नाहीत. दहिवरात निघालेली ट्रॉली रस्त्यावरही घसरते आणि भावातही.

साडेआठला ऊन आलं. निघताना चार बाया पुढे आल्या, बाभूळगावला बाजाराला यायचं म्हणाल्या. नेहमीप्रमाणे त्या कापसावर चढायला निघाल्या. मी नको म्हटलं. भाऊजी म्हणाले, "कापसावर बसल्या तर काय होते? गादीच तर हाय." हसले सगळे. मी हसले नाही. घाटात मागून ट्रॉली पाहिलेली मी, वरचा ढीग वळणावर कसा कलतो ते मला ठाऊक आहे. वर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा असतात, त्या कापसाला लागून ट्रॉल्या पेटल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण. शेतमालाच्या ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यालाही मान्य नाही, आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात. पण मी कायदा काढला नाही. बोलेरोचं मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "चला, बसा." एक म्हातारी बसताना हळूच बोलली, "बाई, आमाले बी वर भेव वाटते. पण सांगाव कोनाले?"

रोज संध्याकाळी वेचणीहून याच बाया ट्रॉलीवर बसून गावात येतात, हे मला तेव्हा आठवलं. त्याबद्दल भाऊजींशी माझं पुढे आठवडाभर चाललं. शेवटी सहा आसनी ऑटोच्या दोन फेऱ्या ठरल्या. त्याचे पैसे कुठून काढायचे यावर अजून घरात एकमत नाही, पण ऑटो मात्र रोज येतो आहे.

घाटाच्या तोंडाशी भाऊजींनी ट्रॅक्टर कडेला घेतला, मीही थांबले. हा थांबा मामाजींनी घालून दिलेला. ड्रायव्हरनं हुकाची पिन पाहिली, पिनेखालची क्लिप पाहिली, जोडसाखळी ओढून पाहिली. ट्रॉलीची दोन्ही चाकं हातानं चाचपली, गरम तर नाहीत ना. मग एक गोष्ट दाखवली जी मला मुळीच माहीत नव्हती: ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, शेतात पटकन वळायला. रस्त्यावर ते दोन्ही पायपट्ट्या कडीनं एकत्र अडकवायच्या. नाही अडकवल्या आणि एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागून ट्रॉली त्याच्यावर चालून येते. आमची कडी आदल्या दिवसापर्यंत गंजून निकामी झालेली होती. रॉकेल-तेल घालून रात्री सोडवली.

"ज्या गिअरमध्ये चढायची, त्याच गिअरमध्ये उतरायची," ड्रायव्हर म्हणाला, "अन् मधात क्लचले पाय लावायचा नाही." उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे असतात. इंजिनानं धरून ठेवलेलं ओझं तेव्हा मोकळं सुटतं, आणि मग सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पाय कितीही दाबा.

उतरायला लागलो. मी पन्नास पावलं मागे, चारही इंडिकेटर चालू ठेवून. सावलीच्या वळणांवर रस्ता अजून ओला होता, शेतांतल्या चाकांनी आणलेली काळी माती दहिवरानं लोणी झाली होती. तिथे ड्रायव्हर आणखी हळू झाला. दुसऱ्या वळणावर मला ट्रॉली पुढे ढकलताना दिसली. एकच झटका, ट्रॅक्टर किंचित पुढे उचलल्यासारखा झाला आणि पुन्हा बसला. माझ्या मागे बसलेल्या बाया गप्प झाल्या. मागून मोटरसायकलवाले भोंगे वाजवत होते, एकानं तर उजवीकडून आत घुसून भाऊजींना हातवारे केले. भाऊजींनी मान वळवली नाही. एरवी पाच मिनिटांत संपणारा घाट त्या दिवशी पंधरा मिनिटं चालला. खाली आल्यावर भाऊजींनी ट्रॅक्टर थांबवला आणि नुसती तंबाखू मळली. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

बाभूळगावला बाया उतरल्या. आम्ही पुलाजवळच्या झाडाखाली शिदोरी सोडली, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा. (हिवाळ्यातल्या प्रवासाला भरतात कच्चा कांदा आयत्या वेळी घाला, आधी घातला तर पाणी सुटतं.) पुढचा रस्ता सपाट. धामणगावजवळून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. गाड्या तिथून बाणासारख्या सुटतात. ट्रॅक्टरला मज्जाव आहे, आणि ते बरंच आहे.

बाजारात रांग होतीच. मामाजी १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळातल्या रांगा सांगतात, बंडीखाली दोन-दोन मुक्काम करावे लागत. त्या मानानं आमचे तीन तास काहीच नव्हेत. मी तेवढ्यात माहेरी जाऊन आईच्या हातचा चहा पिऊन आले. ओलावा साडेआठ निघाला. म्हणजे धुवारी उतरायची वाट पाहिली ते बरं झालं, असं भाऊजींनी स्वतःहून कबूल केलं.

काट्याची चिठ्ठी मात्र मी मागून घेतली. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि कापूस मिळून साठ क्विंटलच्या वर. त्यातला ट्रॅक्टर वीस. म्हणजे घाटात उतरताना वीस क्विंटलचं जनावर चाळीस क्विंटल ओढत नव्हतं, अडवत होतं! मी काट्याजवळच्या कठड्यावर बसलेच. कापूस म्हणजे हलका, असं आपण म्हणतो. एक क्विंटल कापसाच्या गाद्या घरात किती होतील ते मोजून बघा एकदा.

परतीला दिवस मावळला. रिकामी ट्रॉली म्हणजे सुटलेलं वासरू. खडखड उड्या मारते, आणि ओझं नाही म्हणून ड्रायव्हरचा पाय जड होतो. मी दोनदा हॉर्न वाजवून त्यांना हळू करायला लावलं. घाट चढताना मी मुद्दाम खूप मागे राहिले. पार खालच्या वळणावरूनही ते दोन लाल ठिपके दिसत होते, झाडीत लपायचे, पुन्हा निघायचे. मागच्या वर्षीची ती जागा आली तेव्हा माझा पाय आपोआपच ब्रेकवर गेला. तिथे काही नव्हतं. सागाची पानं होती.

घरी पोचलो तेव्हा मामाजी ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेले. पैसे किती आले, भाव काय लागला, काही विचारलं नाही.

"दिवे लागले होते?"

"हो मामाजी, घाटभर."

"अन् चाकाले दगड लावला का? उतार हाय अंगणाले."

दगड लावायचा राहिलाच होता. भाऊजी उठले आणि कंदील, नव्हे, मोबाइलची बॅटरी घेऊन अंगणात गेले.